फी भरली त्या दिवशीचा नियम

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो. शिक्षण संपल्यावर काय करणार? काचेअलीकडची मुलगी सांगते, परत येणार. काचेपलीकडचा अधिकारी मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तिच्या फाइलमध्ये त्याच देशातल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक असतं. हा अभ्यासक्रम ‘स्टेम’मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडतो, म्हणजे पदवीनंतर तीन वर्षं काम करता येईल, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. असली पत्रकं अधिकाऱ्यानं ढिगानं पाहिलेली असतात. पण त्याबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत.

अमेरिकेच्या कायद्यानुसार एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यानं मायदेशातलं बिऱ्हाड कायमचं मोडायचा इरादा ठेवायचा नसतो. तसा संशय आला तर कलम २१४(बी)खाली व्हिसा नाकारल्याचा कागद हातावर ठेवून बाहेरची वाट दाखवतात. आणि त्याच अमेरिकेत, त्याच एफ-१ वर, पदवीनंतर बारा महिन्यांची ‘ओपीटी’, म्हणजे तिथं काम करायची मुभा, मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातली पदवी असेल तर वर आणखी चोवीस महिने. एका खिडकीवर राहण्याची आशा विकायची आणि शेजारच्या खिडकीवर ‘राहणार नाही’ असं वदवून घ्यायचं, असा हा कारभार आहे. मुलं दोन्ही खिडक्यांवर रांग लावतात, कारण दुसरा रस्ताच नाही. पुढं त्यांनाच दोष देतात : शिकायला म्हणून आले आणि इथंच चिकटले.

माझं म्हणणं साधं आहे. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर किती दिवस राहू द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाचा. तीन वर्षं द्या, सहा महिने द्या, काहीच देऊ नका. पण ज्या दिवशी त्याच्याकडून पहिली फी घेतली त्या दिवशी जो नियम होता, तोच त्याला शेवटपर्यंत लागू राहिला पाहिजे. मध्येच बदललेला नियम नव्यानं येणाऱ्यांसाठी, आधी आलेल्यांसाठी नव्हे. हे इतकं उघड आहे की त्यावर लेख लिहायची वेळ यायला नको होती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की विद्यापीठ फी घेतं ती शिकवण्याची. पुढची नोकरी, मुक्काम हा वेगळा विषय, त्याची हमी कुणी दिली होती? कागदावर बरोबर आहे. पण राहण्याची मुभा ही फीच्या किमतीत धरलेली असते की नाही, हे ब्रिटनच्या अनुभवावरून तपासता येतं. तिथं पदवीनंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला. विद्यापीठं तीच, प्राध्यापक तेच, पदव्याही त्याच. तरी पुढच्या काही वर्षांत भारतातून तिकडं जाणाऱ्यांची संख्या निम्म्याच्याही खाली आली. मग सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारनं हा व्हिसा पुन्हा आणणार असल्याचं जाहीर केलं, १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावानं तो सुरूही झाला, आणि आकडे पुन्हा उसळले. मधल्या काळात शिकवणं बिघडून पुन्हा सुधारलं असं तर कुणी म्हणणार नाही. गिऱ्हाईक काय विकत घेत होतं ते दुकानदाराला नेमकं कळलेलं होतं.

अमेरिकेतला पुरावा जरा गमतीचा आहे. तिथं प्रत्येक पदवीला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर ठरतं की पदवी ‘स्टेम’ आहे की नाही. अर्थशास्त्र एका क्रमांकाखाली साधी समाजशास्त्रीय विद्या ठरतं, आणि ‘अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र’ या शेजारच्या क्रमांकाखाली तेच एकदम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पंक्तीत जाऊन बसतं. गेल्या काही वर्षांत अनेक नामवंत विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी आपला क्रमांक बदलून घेतला. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांनीही तोच कित्ता गिरवला. पाठ्यपुस्तकं तीच राहिली. क्रमांक बदलला आणि विद्यार्थ्याचा मुक्काम बारा महिन्यांवरून छत्तीसवर गेला. राहण्याची मुभा हा विक्रीचा भाग नसता, तर ही खटपट कशासाठी?

आणि हा पैसा कुठं जातो तेही लपलेलं नाही. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्याकडून घ्यायच्या फीवर सरकारी मर्यादा आहे. २०१७ पासून ती ९,२५० पौंडांवर गोठली होती, २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झाली. महागाई मात्र गोठली नव्हती. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला अशी मर्यादा नाही, म्हणून खड्डा त्याच्याकडून भरून निघतो. कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतानं २०१९ मध्ये देशी फी दहा टक्क्यांनी कापली आणि मग तिथंच रोखून धरली. तिथल्या कॉलेजांनी काय केलं असेल ते सांगायला नको. टोरांटोच्या आसपास खासगी संस्थांशी भागीदारी करून त्यांनी शाखा उघडल्या आणि दोन वर्षांच्या पदविकांना हजारोंनी प्रवेश दिले. पदविका कशाची आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. तिच्या शेपटाला बांधलेलं तीन वर्षांचं ‘पीजीडब्ल्यूपी’, म्हणजे शिक्षणोत्तर कामाचं परमिट, हा खरा माल होता.

मग जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाला जाग आली. घरभाडी वाढली होती, लोक चिडले होते. सरकारनं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. पाठोपाठ भागीदारीतल्या शाखांचं परमिट बंद झालं, आणि त्यात एक गोष्ट नीट केली : बंदी १५ मे २०२४ नंतर अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांना, आधीपासून शिकणाऱ्यांना नाही. नोव्हेंबरमध्ये आणखी दोन अटी आल्या. पहिली विषयाची. कॉलेजातल्या पदविकेचा विषय सरकारच्या यादीत असला तरच परमिट. ही अट १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना लावली. दुसरी भाषेची. विद्यापीठातून शिकलेल्यांना कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी, कॉलेजवाल्यांना पाचवी. ही मात्र त्या तारखेपासून परमिट मागणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली, तो देशात कधी आला होता याचा विचार न करता.

या दोन अटी एकाच दिवशी, एकाच खात्यातून निघाल्या. एकीनं आधी आलेल्यांचा मान राखला, दुसरीनं नाही. म्हणजे फरक कसा करायचा हे खात्याला चांगलं ठाऊक आहे. भाषेची परीक्षा देणं काही अवघड नाही, हे मलाही मान्य आहे. तीच मुलं पुढं पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, ती देणारच असतात. मुद्दा परीक्षेच्या काठिण्याचा नाही. जुन्यांना वगळणं हा सरकारच्या हातातला एका ओळीचा मजकूर आहे. ती ओळ लिहायची की नाही हे मर्जीवर सोडलेलं आहे, आणि माझा आक्षेप त्या मर्जीवर आहे.

ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ ला काय केलं पाहा. पदवीनंतरच्या ४८५ क्रमांकाच्या व्हिसासाठी वयाची अट पन्नासवरून एकदम पस्तीसवर आणली. डिसेंबर २०२३ मध्ये तसं सूतोवाच झालं होतं, म्हणजे अवघ्या सात महिन्यांची सूचना. पस्तिशीत नोकरी सोडून, साठवलेलं मोडून दोन वर्षांच्या मास्टर्सला आलेला माणूस तेव्हा वर्गात बसलेला होता. संशोधक विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांना आणि पीएचडीवाल्यांना यातून वगळलं. वर्गात बसून मास्टर्स करणाऱ्यांचा आवाज तेवढा मोठा नव्हता. शिवाय मागणी असलेल्या काही पदव्यांना जुलै २०२३ पासून दोन जादा वर्षं देऊ केली होती, ती बरोबर एका वर्षानं काढून घेतली. त्या एका वर्षात, ती दोन वर्षं हिशेबात धरून किती जणांनी प्रवेश घेतला असेल?

पण त्याच ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत एक गोष्ट फार बोलकी आहे. भारताशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला आणि भारतीय पदवीधरांना किती वर्षं राहता येईल हे त्यात लिहिलेलं आहे. जुलै २०२४ मध्ये इतरांच्या मुदती कापल्या गेल्या, तेव्हा भारतीयांच्या त्या मुदती कराराप्रमाणे शाबूत राहिल्या. वर्गातल्या एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचं वर्ष गेलं, दुसऱ्याचं राहिलं. व्हिसाचं धोरण सार्वभौम असतं, सरकार स्वतःला बांधून घेऊ शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे उदाहरण देतो. बांधून घेतलं की. समोर दुसरं सरकार होतं म्हणून घेतलं. एकटा विद्यार्थी समोर असेल तर तेवढं जड वाटायचं कारण नसतं.

प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सगळ्यांत छोटा प्रांत. तिथं प्रांताच्या शिफारशीनं पीआर मिळण्याची एक वाट होती, दुकानात किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांनाही. ती वाट पाहून शिकलेली मुलं तिथं येऊन राहिली, पडेल ती नोकरी धरली, दिवस मोजले. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रांतानं शिफारशी पाव हिश्शानं कमी करायचं ठरवलं. विक्री-सेवा क्षेत्रातल्यांना मागं टाकलं आणि बांधकाम, आरोग्य, बालसंगोपन यांना पुढं आणलं. मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये ही मुलं विधानसभेच्या इमारतीबाहेर बसली, पुढं उपोषणही केलं. बहुतेक भारतातली होती. त्यांची मुख्य मागणी प्रांताचं धोरण उलटवा अशी नव्हतीच. बदलाआधी आलेल्यांना जुने नियम लावा, एवढंच ती मागत होती.

तेव्हा त्यांच्यावर हसणारे पुष्कळ होते. दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहायला येवढं शिकलात का, असं विचारणारे तिकडचेही होते आणि आपलेही. मला तो प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. गल्ल्यावर उभं राहणं हीच पीआरची पायरी आहे, असं कार्यक्रमाच्या नियमांत लिहिलं कुणी? मुलांनी लिहिलं नव्हतं. सरकारनं पायरी बांधली, मुलं चढली, आणि चढता चढता पायरी काढून घेतल्यावर ‘तुम्हाला कुणी चढायला सांगितलं होतं’ हे ऐकवणं सोपं आहे.

थोडे महिने, एखादी तारीख, यावरून एवढा गहजब का, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटू शकतं. त्यासाठी ओपीटीवरचा एक माणूस जवळून पाहावा लागतो.

शिक्षण संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून संपल्यानंतरच्या साठ दिवसांपर्यंत त्यानं अर्ज करायचा. कामाला कधीपासून सुरुवात करणार ती तारीख त्यानंच निवडायची, तीही संपल्यानंतरच्या साठ दिवसांतलीच. नोकरी अजून मिळालेली नसते, तेव्हा ही तारीख निवडणं म्हणजे न पाहिलेल्या विहिरीची खोली सांगण्यासारखं आहे. पुढची निवडली तर एखादी कंपनी म्हणते, आम्हाला आत्ताच माणूस हवा होता. आधीची निवडली तर त्या दिवसापासून घड्याळ सुरू. बेकारीचे नव्वद दिवस. एकूण नव्वद, सलग नव्हे; शनिवार-रविवार धरून. पुढचे चोवीस महिने मिळाले तर सगळे मिळून दीडशे. त्यापलीकडे गेलात की तुमचं ‘स्टेटस’, म्हणजे कायदेशीर राहण्याचा हक्क, गेलं.

या मुलांच्या लॅपटॉपवर मी एक तक्ता पाहिलेला आहे. डाव्या रकान्यात तारखा, उजव्या रकान्यात उलटे मोजलेले दिवस : ९०, ८९, ८८. साठच्या खाली रकाना पिवळा, तिसाच्या खाली लाल. पहिल्या बारा महिन्यांत आठवड्याला वीस तासांचं विनावेतन कामही चालतं, विषयाशी संबंधित असलं म्हणजे झालं. म्हणून रकाना लाल व्हायला लागला की मुलं कुठल्याशा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत किंवा संस्थेत फुकट राबायला जातात, नुसतं घड्याळ थांबवण्यासाठी. दोन वर्षं लाखोंची फी भरून शिकलेला माणूस आपलं काम फुकट घ्या म्हणून विनवण्या करतो, आणि या व्यवस्थेत ती शहाणपणाची चाल ठरते. त्या तक्त्यासमोर बसलेल्याला, सरकार नियमांचा फेरविचार करतंय अशी बातमी वाचून कसं वाटत असेल?

त्यापुढं लॉटरी. वर्षाला पासष्ट हजार एच-१बी, म्हणजे नोकरीचे व्हिसे, अमेरिकेतलं मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी वीस हजार. मार्च २०२३ मध्ये या जागांसाठी ७ लाख ८० हजारांवर नोंदण्या झाल्या, कारण एकाच माणसाच्या नावानं चार-चार कंपन्या चिठ्ठी टाकत होत्या. नियमानं चालणाऱ्याची एकच चिठ्ठी त्या ढिगात बुडाली. पुढच्या वर्षी माणसागणिक एक अशी दुरुस्ती झाली, पण आधीच्या वर्षी बुडालेल्यांना ते वर्ष कुणी परत दिलं नाही. आणि १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. विद्यार्थ्यांना ती लागू आहे की नाही, याचा खुलासा यायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला : देशात राहून स्टेटस बदलणाऱ्यांना नाही. तो मधला महिना किती कंपन्यांनी ‘सध्या आम्ही थांबतोय’ असं कळवण्यात घालवला असेल, याची गणती कुठंच होत नाही.

आता विरोधकांचं ऐकू, कारण त्यांचे काही मुद्दे खरे आहेत. अमेरिकेतल्या कामगारांची बाजू घेणारे सांगतात की ओपीटीवरच्या नव्या माणसाच्या पगारातून सामाजिक सुरक्षा वगैरेंची वजावट देशात आल्यापासूनची साधारण पहिली पाच वर्षं होत नाही, मालकाचाही ७.६५ टक्के हिस्सा वाचतो. म्हणजे तोच पगार असताना देशी पदवीधरापेक्षा परदेशी पदवीधर मालकाला स्वस्त पडतो. हे अन्यायाचं आहे आणि बदललं पाहिजे. कर घ्या, खुशाल घ्या. बहुतेक मुलं तो आनंदानं भरतील. ओपीटी बेकायदा आहे असा दावा मात्र कोर्टात टिकला नाही. वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपीटी उचलून धरली आणि वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयानं तो दावा ऐकायचंच नाकारलं. पण तिथल्या न्यायालयांनी आज उचलून धरलं म्हणजे उद्याचं सरकार नियम बदलणार नाही असं नाही. ओपीटी कायद्यात लिहिलेली नाही, ती प्रशासकीय नियमांत आहे. २००८ मध्ये नियमानंच सतरा महिने वाढले, २०१६ मध्ये नियमानंच त्याचे चोवीस झाले. जे नियमानं वाढतं ते नियमानं आक्रसतंही.

दुसरा मुद्दा मालकाच्या मुठीचा. व्हिसासाठी स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीच्या मुठीत सापडलेला माणूस पगारवाढ मागत नाही, तक्रार करत नाही, आणि त्याच्याकडं बोट दाखवून शेजारच्या देशी माणसालाही गप्प बसवता येतं. हेही खरं आहे. पण याचं औषध मुदत कापणं हे कसं असेल? मुदत जितकी तोकडी आणि डळमळीत, तितकी माणसाला घाई जास्त, आणि मूठ घट्ट. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट या बाबतीत बरा. त्यात कुणाची स्पॉन्सरशिप लागत नाही, नोकरी सोडून दुसरी धरता येते. तिथली अडचण पुढची आहे. त्यातून ‘स्किल्ड वर्कर’ या नोकरीच्या व्हिसामध्ये जायचं तर पगाराची पायरी चढावी लागते, आणि ती २६,२०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० वर, मग जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेली. नवशिक्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० पौंड. पंधरा महिन्यांत दोनदा. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या मुलीनं पहिली पायरी पाहून अभ्यासक्रम निवडला आणि ती काम शोधू लागली तेव्हा दुसरी पायरी होती, काम मिळेपर्यंत तिसरी.

ब्रिटननं मुदतही आता कापली आहे, दोन वर्षांची दीड. पण त्यांनी तारीख बरीच आधी सांगितली : १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच. वरवर पाहता हे सभ्यपणाचं वाटतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या मानानं आहेही. पण कात्री अर्जाच्या तारखेवर ठेवली आहे, प्रवेशाच्या नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका वर्षाच्या मास्टर्सला आलेला २०२६ मध्येच अर्ज करून दोन वर्षं घेऊन जाईल. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी वर्षभर, तीन वर्षांच्या पदवीला आलेला २०२७ मध्ये बाहेर पडेल आणि त्याला मिळेल दीड. जास्त वर्षं शिकला, जास्त फी भरली, आधी आला, आणि कमी घेऊन गेला. अर्जाची तारीख ही सरकारच्या टेबलाची सोय आहे. विद्यार्थ्यानं निर्णय घेतला तो दिवस वेगळाच होता.

तिसरा मुद्दा आपल्याकडचा, म्हणजे जिथून मुलं जातात त्या सगळ्या देशांचा. शिकून परत या, देशाला गरज आहे. याबद्दल मी फार बोलणार नाही. परत यावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि परत आलेल्यांकडं हरलेला म्हणून पाहायची आपली सवय वाईट आहे. पण परत येण्याचा निर्णय भावनेनं फारच कमी वेळा होतो. कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर काही महिन्यांत सुरू होतो, आणि परक्या चलनात काढलेलं शिक्षण मायदेशातल्या पगारात फिटायला किती वर्षं लागतात याचं गणित कुणालाही येतं. तिकडं दोन-तीन वर्षं कमवून कर्ज फेडायचं आणि मग ठरवायचं, हा जवळजवळ प्रत्येकाचा बेत असतो. मुदत मध्येच तोडली की तो बेत कोसळतो आणि त्याखाली आईवडिलांचं तारण ठेवलेलं घर येतं.

‘राहायला मिळणारच नाही असं धरूनच जावं’ हा सल्ला हल्ली शहाणी माणसं देतात. मीही दिलेला आहे, आणि देताना थोडा ओशाळलो आहे. कारण तसं धरून जायचं तर त्यातले निम्मे अभ्यासक्रम त्या किमतीला कुणी घेणारच नाही. म्हणजे सल्ल्याचा खरा अर्थ ‘जाऊ नका’ असा होतो. तो तोंडावर सांगायचं धैर्य नसतं म्हणून आपण ‘हिशेबात धरू नका’ म्हणतो.

करता येण्यासारखं बरंच काही आहे. प्रवेशाच्या पत्रावर, अमेरिकेत विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर, कॅनडात विद्यार्थी परवान्यावर, एक ओळ छापा : या विद्यार्थ्याला पदवीनंतर अमुक महिने, अमुक तारखेच्या नियमांप्रमाणे. बस. मग मुदत लहान असली तरी चालेल. तीन वर्षांच्या डळमळीत आश्वासनापेक्षा बारा महिन्यांचं पक्कं बरं, असं मला वाटतं. निदान माणूस बारा महिन्यांच्या मापानं कर्ज काढेल. आणि मधल्या बदलाचा फटका बसलाच, तर त्यातला काही वाटा विद्यापीठानं उचलावा. जाहिरात त्यांनी केली होती, एजंटाला कमिशन त्यांनी दिलं होतं. फीचा चौथा हिस्सा परत करायची वेळ आली तर सगळ्यात आधी सरकारदरबारी धावत जाऊन ‘जुन्यांना वगळा’ म्हणून हट्ट धरतील ती विद्यापीठंच. आज ती निवेदनं काढतात.

व्हिसाच्या मुलाखतीतला तो दुटप्पी प्रश्नही बंद करावा. कॅनडाच्या कायद्यात तात्पुरतं येणं आणि पुढं कायम राहू इच्छिणं हे दोन्ही हेतू एकत्र चालतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२४ मध्ये ‘खरोखर तात्पुरता आलेला’ ही कसोटी काढून ‘खरोखर विद्यार्थी’ अशी कसोटी आणली. बाकी बाबतींत दोघांनी काय केलं ते वर आलंच, पण एवढं खोटं त्यांनी कमी केलं. जर्मनीचा नमुनाही पाहण्यासारखा आहे. पदवीनंतर अठरा महिने, त्या काळात पोट भरायला कुठलंही काम करायला मोकळीक, आणि पात्रतेची नोकरी लागल्यावर तिथल्या पदवीधराला दोन वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज. २०१२ पासून ही अठरा महिन्यांची मुदत जशीच्या तशी आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत. मला या दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा वाटत नाही. मुदत विकायचीच नसेल, तर तिचा भाव हंगामागणिक वरखाली करायची गरजही पडत नाही.

जाणारी मुलं अधूनमधून माझ्याकडं कागद दाखवायला येतात. मी त्यांना एक गोष्ट करायला सांगतो. ज्या दिवशी फी भरता, त्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचं शिक्षणोत्तर कामाच्या नियमांचं पान तारखेसकट छापून ठेवा. गेल्या खेपेला एकीनं विचारलं, पुढं नियम बदलला तर हे दाखवून काही उपयोग होईल का? मी म्हणालो, आजच्या घडीला नाही. तिनं थोडा विचार केला, दोन प्रती काढल्या आणि एक माझ्याकडं ठेवायला दिली.